आधी आईला खाट आणि ताट, मग प्रार्थना

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर थांबलेल्या कुटुंबांसाठी नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायांनी, स्वयंसेवेचं काम उभारावं का, आणि सरकारी रुग्णालयांनी त्यांना दारात घ्यावं का? हा प्रश्न निघाला की दोन्ही बाजूंचे लोक आधी प्रार्थनेवरच येतात. मंडळीतल्यांना वाटतं, प्रार्थना करू देणार नसतील तर जायचं कशाला. बाहेरच्यांना वाटतं, प्रार्थना ही धर्मांतराची पहिली पायरी. या ओढाताणीत व्हरांड्यात सतरंजी टाकून पडलेली ओली बाळंतीण कुणाच्याच बोलण्यात येत नाही. म्हणून माझं म्हणणं आधीच मांडतो. हे काम व्हायला हवं आणि रुग्णालयांनी दार उघडायला हवं, पण त्या कामाची परीक्षा एकाच गोष्टीवर व्हावी: आई बाळाच्या जवळ राहिली का आणि पोटभर जेवली का. प्रार्थना त्यानंतर, आणि मागितली तरच.

अडचण नेमकी कुठे येते ते पाहू. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातली बाई सातव्या महिन्यातच बाळंत होते. बाळ बाराशे ग्रॅमचं. ग्रामीण रुग्णालयातून १०८ ची गाडी करून बाळाला नाशिकला हलवतात. सिझेरियन झालं असेल तर आई मागेच राहते आणि बाळासोबत बाप किंवा आजी येते. तीन-चार दिवसांनी टाके सांभाळत आई पोहोचते, तेव्हा ती या रुग्णालयाची रुग्ण नसते. बाळाची नोंद असते, तिची नसते, म्हणून खाटही नाही आणि जेवणाचं ताटही नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला मोफत आहार दिला आहे, पण त्याची मुदत साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस. बाराशे ग्रॅमचं बाळ सात दिवसांत घरी जात नाही. वजन सलग वाढायला लागून ते स्वतः नीट दूध प्यायला लागेपर्यंत चार ते सहा आठवडे सहज जातात. सातव्या दिवसानंतरचे हे आठवडे कुणाच्या हिशेबात नाहीत, आणि स्वयंसेवकांची खरी गरज तिथे आहे.

या आठवड्यांत दुधाचं काय होतं ते समजल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही. म्हणून आईचं दूध काढून नळीने द्यावं लागतं, पुढे बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. पहिल्या दिवशी बाराशे ग्रॅमच्या बाळाला किलोमागे साधारण ऐंशी मिली धरलं तर दर दोन तासांनी जेमतेम आठ मिली लागतं, म्हणजे दीड चहाचा चमचा. हे माहीत नसतं. वाटीच्या तळाला पाच मिली दूध दिसलं की आई रडते, ‘मला दूधच नाही’ म्हणते, आणि नातेवाईक पावडरचा डबा आणायला औषधाच्या दुकानाकडे पळतात. खरं तर दूध टिकवायचं असेल तर बाळंतपणानंतर पहिल्या सहा तासांत काढायला सुरुवात करावी लागते आणि मग चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढावं लागतं. रात्रीचीही खेप चुकवून चालत नाही. छाती रिकामी झाली नाही तर शरीर दूध करणं कमी करतं. जी बाई जमिनीवर झोपते, चहासाठी दोन जिने उतरते, शौचालय लांब म्हणून पाणी कमी पिते आणि आडोसा नसल्याने दोन खेपा टाळते, तिचं दूध दहाव्या दिवशी आटलेलं असतं. मग सगळे म्हणतात, तिला दूध आलंच नाही.

इथे स्वयंसेविका काय करू शकते? पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पडदा, झाकणाची उकळलेली स्टीलची वाटी, प्यायच्या पाण्याची बाटली आणि वेळा लिहायचा कागद देऊ शकते. चार वाजता आईजवळ येऊन ‘ताई, वेळ झाली’ एवढं म्हणू शकते. काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याहूनही आधी परिचारिकेकडे द्यायचं. फ्रीजमध्ये चोवीस तास टिकतं. वाटीवर आईचं नाव आणि वेळ हवीच, कारण एकाच कक्षात दोन सुनीता असतात. गॅसवर गरम करायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची. यातलं काहीही शिकायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागत नाही, आणि यातल्या एकाही गोष्टीसाठी स्वयंसेविकेला कक्षाच्या आत पाऊल टाकावं लागत नाही. हा नियम कडकच असावा. आत फक्त आई-बाप आणि रुग्णालयाने परवानगी दिलेलं घरचं माणूस, तेही अंगठ्या-बांगड्या काढून, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन. मॉनिटरवरचे आकडे काय सांगतात याचं उत्तर स्वयंसेवकाने कधीच देऊ नये. पहिल्या आठवड्यात वजन दहा-पंधरा टक्के उतरणं अशा बाळांत अपेक्षित असतं, हे ऐकून आईला धीर येतो. पण तेही डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने सांगावं, आपण आईला त्यांच्यापर्यंत न्यावं.

आई जवळ असण्याचा दुसरा उपयोग दुधापेक्षाही मोठा आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे १९७८ साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी इन्क्युबेटर पुरत नाहीत म्हणून लहान बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू मातृ संगोपन ते हेच. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आले. म्हणजे शंभरातली जवळपास चार बाळं वाचली, आणि त्यासाठी लागलं ते एवढंच की आई सतत कक्षात हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून दिवसाला आठ ते चोवीस तास कांगारू काळजीची शिफारस केली आहे. पोटावर टाके असलेली बाई प्लास्टिकच्या स्टुलावर आठ तास बसू शकेल का? अर्ध्या तासात ती उठते आणि तक्त्यावर ‘कांगारू दिले’ अशी खूण होते.

म्हणून देणगी द्यायची असेल तर मंडळींनी वॉर्मर किंवा इन्क्युबेटर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्रावर देणाऱ्याच्या नावाची पाटी शोभून दिसते, पण तापमानाचा प्रोब तुटला, देखभालीचा करार संपला की ते कोपऱ्यात जातं. त्यापेक्षा पाठ तिरकी होणाऱ्या, धुता येणाऱ्या खुर्च्या द्याव्यात. समोरून उघडणारे सुती गाऊन द्यावेत. बाळ बांधायला मऊ सुती कापडाचे लांब पट्टे द्यावेत, जुन्या धुतलेल्या लुगड्याचे उत्तम. महिला मंडळं हौसेने लोकरीच्या टोप्या विणतात, त्यातही काळजी हवी. दीड किलोच्या बाळाच्या डोक्याचा घेर २८-२९ सेंटिमीटर असतो, दुकानातल्या मापाची टोपी डोळ्यांवर येते. लोकरीचे तंतू नाकाशी जातात, म्हणून सुती होजिअरी बरी. आणि कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलेले कपडे अजिबात देऊ नयेत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात डांबरगोळीच्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ भडकू शकते. प्रेमाने आणलेली पिशवी बाळाच्या जिवावर बेतू नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळ भल्या माणसांना माहीत नसते. भेटीच्या टोपलीत दुधाची पावडर किंवा बाटली घालणं कायद्याने मना आहे. शिशु दुग्धपर्यायी पदार्थांबाबतच्या १९९२ च्या कायद्यात, २००३ च्या दुरुस्तीसह, अनाथालय सोडून कुणालाही असे डबे किंवा बाटल्या दान करायला बंदी आहे. पावडर लागलीच तर ते डॉक्टरांनी ठरवून लिहून द्यायचं.

जेवणाचं म्हणाल तर साधं, शाकाहारी, रोजचं हवं. पेठ-सुरगाण्याच्या बाईला नागलीची भाकरी आणि उडदाचं नाहीतर तुरीचं वरण जितकं जातं तितका केक-सँडविच जात नाही. अळिवाची खीर, मेथीची भाजी, दुपारी ताक. शाकाहारी अशासाठी की ते ताट कुणालाही संकोच न करता घेता यावं आणि चर्चच्या स्वयंपाकघरातून आलंय म्हणून कुणाच्या मनात किंतू राहू नये.

आता प्रार्थनेकडे येतो. मी स्वतः प्रार्थनेवर विश्वास ठेवणारा आहे, म्हणून हे हलकेपणाने लिहीत नाही. संविधानाचं कलम २५ धर्माचं आचरण आणि प्रसार यांचं स्वातंत्र्य देतं, आणि दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला आहे. पण या व्हरांड्यात प्रश्न कायद्याच्या आधी येतो. ज्या बाईचं बाळ नळ्यांत आहे, जिला दोन वेळचं ताट तुमच्या हातून मिळतं, ती तुम्हाला ‘नको’ म्हणू शकते का? नाही म्हटलं तर उद्या जेवण बंद होईल ही भीती तिच्या मनात असते, मग तुम्ही कितीही प्रेमाने विचारा. जिथे नकार देता येत नाही तिथल्या होकाराला किंमत नसते, प्रभूच्या दारात तर मुळीच नसते.

यावर मंडळीतून उत्तर येतं, मग आपल्यात आणि एखाद्या क्लबात फरक काय? बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडे पाहावं. रस्त्यात लुटून टाकलेल्या माणसाला त्याने मलमपट्टी केली, उतारशाळेत नेलं, मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. त्या माणसाचा धर्म त्याने विचारला नाही, स्वतःचा सांगितला नाही. खाट, जेवण आणि पुढचा खर्च, एवढंच त्याने पाहिलं. येशूने शेजारी कुणाला म्हणायचं याचं उत्तर म्हणून हेच उदाहरण दिलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना यापेक्षा वेगळी साक्ष कशाला हवी?

साक्ष म्हटली की आणखी एक दुखणं आठवतं. बाळ बरं होऊन घरी गेलं की त्याचा फोटो रविवारच्या उपासनेत दाखवायचा मोह होतो. तो आवरायलाच हवा. वाचलेलं बाळ प्रार्थनेने वाचलं असं जाहीर केलं, तर शेजारच्या पाळण्यातलं जे गेलं त्याच्या आईला आपण काय सांगितलं? तिची श्रद्धा कमी पडली? त्या कक्षातल्या परिचारिकांनी रात्री जागून केलेलं कामही आपण एका वाक्यात पुसून टाकतो.

बाप्तिस्म्याबाबत तर लेखी नियमच हवा. निकडीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो हे अनेक मंडळ्या मानतात. कॅथलिक धर्मनियमांत मरणाच्या दारातल्या बाळाला पालकांच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा देणं रीतसर मानणारं कलम आहे. रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाने त्या वाटेला कधीही जाऊ नये. ज्या दिवशी एका आईला कळेल की तिच्या नकळत तिच्या बाळावर विधी झाला, त्या दिवशी हे काम संपेल आणि संपायलाच हवं. ख्रिस्ती आई-बापांनी स्वतः मागितलं तर डॉक्टरांना विचारून निर्जंतुक पाण्याचे थेंब कपाळावर, तेल नाही, गर्दी नाही, गाणं नाही. अंगारा, तीर्थ, ताईत यांनाही हाच नियम, कारण त्या पातळ त्वचेतून जंतू आत शिरतात आणि त्यांना धर्म नसतो.

रुग्णालयानेही ‘परवानगी आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर थांबू नये. रुग्ण कल्याण समितीने एक पानी करार करावा आणि तो गुरुद्वाऱ्याला, मठाला, मशिदीला, कुठल्याही सेवाभावी मंडळाला तसाच्या तसा लागू असावा. जेवण कुणाला द्यायचं ती यादी परिचारिका देईल, स्वयंसेवक निवडणार नाही. पत्रकं, पुस्तिका, फोटो, फोन नंबर गोळा करणं बंद. खोकला-ताप असलेल्याने त्या आठवड्यात यायचं नाही. प्रार्थना मागितली तर ती कक्षाबाहेर, हळू आवाजात, आणि मागणारा ज्या धर्माचा असेल त्या धर्माचं माणूस बोलावून. एखादी कुमारी माता किंवा थकलेलं कुटुंब ‘बाळ कुणाला तरी देऊन टाका’ म्हणालं तर कुठल्याही सद्‌गृहस्थाचं नाव सुचवायचं नाही. परिचारिकेला आणि बालकल्याण समितीला कळवायचं. टाकून दिलेल्या मुलाची खबर चोवीस तासांत द्यायची हा कायदा आहे, आणि परस्पर देवाणघेवाण हा गुन्हा.

यात एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. हे सगळं सरकारचं काम आहे, तुम्ही ते उचललंत की सरकार मोकळं होईल. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या विशेष कक्षात ५५ बाळं दगावल्याच्या आणि एकेका इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन बाळं ठेवावी लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथे स्वयंसेवकांच्या ताटाने काही भागलं नसतं, खाटा, माणसं आणि वेळेवर पाठवणी हवी होती. म्हणून मंडळीने व्हरांड्यातली गैरसोय झाकणारं काम करू नये. ती मोजून लिहून ठेवावी: आज किती आयांना खाट नव्हती, किती जणी सात दिवसांनंतर जेवणाबाहेर पडल्या. ही वही दर महिन्याला समितीपुढे ठेवावी. आईची रात्रीची खाट रुग्णालयाच्या आतच हवी, यावर तर अडूनच बसावं. चर्चच्या आवारातलं सभागृह कितीही जवळ असलं, अगदी रुग्णालयाच्या त्र्यंबक रोडपासून शेजारच्या शरणपूर रोडपर्यंतच्या अंतरावर असलं, तरी रात्री दोन वाजता टाक्यांच्या बाईने दूध काढायला एकटीने रस्ता ओलांडून यायचं का? सभागृह बापाला आणि आजीला झोपायला, आईला अंघोळीला, कपडे वाळवायला, दुपारी दोन तास पडायला द्यावं. २०२७ च्या सिंहस्थात लॉजचे दर आणि बंद रस्ते यांनी या कुटुंबांचं काय होईल याचा विचार आताच करायला हवा.

कुटुंबं बाळाला अर्धवट उपचारात घेऊन जातात, त्याला रुग्णालयाच्या भाषेत ‘डामा’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्याचा दोष अडाणीपणाला दिला जातो. कारणं बरीच साधी असतात. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे मजुरीला आलेल्या बापाचा रोज बुडतो. घरी तीन वर्षांचं थोरलं मूल शेजारणीकडे असतं. खासगीत दिवसाचं बिल काही हजारांनी चढतं आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं की नाही हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलेलं नसतं. रेशनकार्ड गावी, आधारवर माहेरचं नाव. स्वयंसेवकाने दाखल झालेल्या दिवशीच त्या कुटुंबाला आरोग्यमित्राच्या, म्हणजे या योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या, टेबलापर्यंत सोबत न्यावं आणि कोणता कागद कमी आहे ते लिहून घ्यावं. ते एक काम दहा टोपल्यांपेक्षा मोलाचं आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते, तीही इथेच आठवण करून द्यावी.

आणि बाळ गेलं तर? २०२५ च्या जूनमध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका बापाने मृत अर्भक पिशवीत घालून नाशिकहून एसटीने गावी नेल्याची बातमी राज्यभर गाजली. अशा वेळी शब्दांनी काही होत नाही. गाडी मिळवून देणं, कागदावरच्या सह्या पूर्ण होईपर्यंत बापाजवळ उभं राहणं, आईला बाळ एकदा हातात घेऊ द्या असं परिचारिकेला विनवणं, स्वच्छ पांढरं कापड देणं, आणि दूध अजून येत असलेल्या त्या बाईला छाती भरून आली तर काय करायचं ते परिचारिकेकडून समजावून देणं, हे करावं. विधी ज्याचा त्याने ठरवावा.

बाळ सुखरूप घरी निघालं तरी काम संपत नाही, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, अगदी लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यातल्या रक्तवाहिन्या वाकड्या वाढू लागल्या तर लेझर करायला दोन-तीन दिवसांचीच सवड असते, नंतर दृष्टी जाते ती कायमची. तामिळनाडूतल्या अशा एका चुकलेल्या तपासणीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई द्यायला लावली. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख असते, पण छापील इंग्रजी ओळींत हरवलेली. स्वयंसेवकाने ती परिचारिकेकडून विचारून मराठीत, मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून द्यावी. कानाच्या तपासणीची तारीख त्याखाली, आणि गावच्या आशाताईचं नाव आईलाच विचारून त्याखाली. घरी फोन करायचा असेल तर आईची परवानगी घेऊन, तोही तारखेच्या आदल्या दिवशी आणि तेवढ्याच कामासाठी. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा पाच अंशांखाली गेलेल्या सकाळी, बाळाला आईच्या छातीशी बांधूनच आणायला सांगावं. आईला एसटीचं तिकीट अर्धं लागतं, बापाला पूर्ण. त्या फेरीचे आणि दुपारच्या जेवणाचे पैसे मंडळीच्या खात्यात त्या बाळाच्या नावाने आधीच बाजूला काढलेले असावेत.